औटकीपर्यंतची उजळणी

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मुलखातली शाळा भरायची ती पंतोजींच्या ओसरीवर, नाहीतर देवळात. मुले धूळपाटीवर आकडे गिरवत आणि गिरवतानाच मोठ्याने उच्चारत. दिवस कलला की उजळणी सुरू होई. एक मोठा मुलगा पुढे उभा राहून सांगे, बाकीचे त्याच्यामागून एका सुरात म्हणत. आधी पाढे, मग अपूर्णांकांची रांग: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनची पट.

हे सारे बाजाराला धरून होते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. मणाचे शेर चाळीस, खंडीचे मण वीस. साडेतीन आणे शेराने तेरा शेर माल घेतला, तर औटकी पाठ असलेल्याच्या तोंडून साडेपंचेचाळीस आणे लगेच बाहेर पडत. त्यातले बत्तीस आणे म्हणजे दोन रुपये बाजूला काढले की उरले साडेतेरा आणे. ना कागद, ना बोरू.

मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सभासद जी. एल. प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये नोंदवले होते, की इलाख्यात शाळा नसलेले गाव क्वचितच सापडेल, आणि इथला साधा शेतकरी किंवा किरकोळ दुकानदार स्वतःचा हिशेब ज्या अचूकतेने ठेवतो, ती इंग्लंडातल्या खालच्या वर्गात आढळत नाही. अर्थात या ओसरीवर सगळ्यांना जागा नव्हती. मुली जवळजवळ नव्हत्याच, आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलांना दार बंद होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यामागे हाच अन्याय होता.

पुढे या पाठांतराला ‘पोपटपंची’ म्हणून नावे ठेवली गेली. अर्थ न समजता घोकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती टीका खरीच आहे. पण स्मरण कसे टिकते, याचा अभ्यास मानसशास्त्राने सुरू केला तेव्हा उजळणीच्या रीतीतले बळही दिसू लागले.

जर्मनीत हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ केल्या, किती विसरल्या ते मोजले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. विसरण्याचा सर्वांत मोठा घाला पहिल्या काही तासांतच पडतो, असे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आदल्या एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांनी जे साधले, ते तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनीही साधले. पंतोजींची रोज थोडी उजळणी याच वाटेने जात होती.

दुसरा दुवा अमेरिकेतला. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, पुस्तक मिटून तीनदा आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के आठवले, दुसऱ्याला ६१ टक्के. पाटी बाजूला ठेवून पाढा म्हणून दाखवणे म्हणजे हेच, डोक्यातले बाहेर काढणे.

उजळणीच्या जोडीला येणाऱ्या छडीचे मात्र समर्थन होऊ शकत नाही. ॲशक्राफ्ट आणि कर्क या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले, की गणिताची धास्ती असलेल्यांची आकडे डोक्यात धरून ठेवण्याची ताकदच आकडेमोडीच्या वेळी कमी पडते. मार चुकवण्यासाठी पाठ केलेला पाढा ऐन वेळी का अडखळतो, ते यावरून कळते.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पुढच्याच वर्षापासून शेर-मणाच्या जागी किलो येऊ लागला. औटकीचे गिऱ्हाईक गेले, तशी ती शाळांतूनही गेली. पावकी-निमकी थोडी तगली, कारण भाजीवाल्याकडे आजही पावकिलो आणि अर्धा किलोच मागितला जातो.

औटकी परत आणण्याचे कारण नाही. पण रोज दहा मिनिटे, पुस्तक मिटून, सगळ्यांनी मिळून म्हणण्याची ती रीत आजच्या वर्गाला हवी आहे. तिच्यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही आणि छडी तर मुळीच लागत नाही.