मणक्याचा विकारजन्य अस्थिभंग (मुलांतील)

रोगाने आधीच पोखरलेला किंवा विरळ झालेला मणका किरकोळ धक्क्याने, कधी नुसत्या वाकण्याने दबणे. जयपूरमध्ये मकरसंक्रांतीला पतंगामागे धावणारी मुले गच्चीवरून पडतात आणि सवाई मानसिंह रुग्णालयात येतात. त्यांचा मणका मोडला तर कारण विचारावे लागत नाही. दप्तर उचलताना कळ येऊन मणका चपटा झाला, तर मात्र विचारावे लागते.

वाढत्या वयात मणक्याची पुढची बाजू मुळातच थोडी बुटकी असते. ती पाहून घाबरू नये. जेनंट यांच्या 1993 च्या प्रतवारीत उंची सुमारे 20 टक्क्यांनी घटली की अस्थिभंग धरतात.

यानंतर नजर मणक्यांमधल्या गादीकडे वळवावी. क्षयात शेजारच्या दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा झिजतात, गादी आक्रसते, बाजूला गळू साठते आणि पाठीला पोक येते. पर्सिव्हल पॉट यांनी हे 1779 मध्ये वर्णिले. आपल्याकडे क्षय इतका आढळतो की पहिला संशय त्याच्यावरच जातो, आणि तो रास्तही आहे. पण एकच मणका नाण्यासारखा चपटा आणि वर-खालच्या गाद्या शाबूत, असे चित्र असेल तर लँगरहान्स पेशींचा विकार आठवावा. काल्व्हे यांनी 1925 मध्ये असा मणका नोंदवला, तेव्हा रक्तपुरवठा तुटल्याचा समज होता. वाढीबरोबर हा मणका बरीच उंची परत मिळवतो. युइंग अर्बुदानेही मणका असाच चपटा होऊ शकतो. म्हणून शंका राहिल्यास सुईने तुकडा काढून तपासतात.

अनेक मणके दबलेले आणि सगळीच हाडे फिकट असतील तर रक्ताचा कर्करोग डोळ्यांसमोर ठेवावा. कॅनडातील एका पाहणीत तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या 16 टक्के मुलांचे मणके निदानाच्या वेळीच मोडलेले होते. रक्ताची मोजणी सुरुवातीला जवळजवळ सामान्य असू शकते. एमआरआयच्या टी-1 चित्रात मोठ्या मुलाची अस्थिमज्जा गादीपेक्षा काळी दिसली तर तो इशारा समजावा. अशा वेळी मज्जा तपासण्याआधी स्टेरॉइड देणे ही मोठी चूक : कर्करोगाच्या पेशी तात्पुरत्या दबतात आणि निदान लांबते.

मूत्रपिंडाच्या नेफ्रोटिक विकारासाठी किंवा ड्युशेन स्नायुक्षयासाठी स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांत मणके पुष्कळदा न दुखताच दबतात. त्यामुळे तक्रार नसली तरी त्यांच्या पाठीचे बाजूने क्ष-किरण चित्र अधूनमधून काढतात.