माळ आणि मजल

वारीत दारू सुटते असे सांगणारे बहुधा चालण्याचेच गुण गातात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, दिवेघाटाची चढण, पावसातले मुक्काम. अंग थकते, झोप लागते, बाटलीची आठवण पुसट होते. हे अपुरे आहे; वारीची शिस्त त्यात सुटून जाते. 1685 मध्ये तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी पालखी काढली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याची वेगळी घडी बसवली. शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या या माणसाची शिस्त त्यात आजही दिसते. प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली, पालखीच्या रथापुढे नाहीतर रथामागे. मुक्कामी समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावला की टाळ थांबतात. तक्रार असलेली दिंडी तेवढी वाजवत राहते आणि तिचे ऐकून घेतले जाते. अशा दिंडीत माणूस मागे राहिला तरी लक्षात येते, पिऊन आला तरी. माझ्या मते खरा उतारा पायांत कमी, दिंडीच्या या नजरेत जास्त आहे.

कोणी म्हणेल, वारी तीन आठवड्यांची, गुत्ता मात्र बारमाही. आक्षेप रास्त आहे. पण गळ्यातली तुळशीची माळ पंढरपुरात उतरवायची नसते. मद्यमांस वर्ज्य, एकादशी, दरसालची वारी हे तिचे नेम घरीही चालतात, आणि माळकऱ्याला आग्रह करताना गावचा दारुडाही कचरतो. माळ घालून पिणारेही असतात. संतांनी ढोंगावर कोरडे ओढले ते उगाच नव्हे. शिवाय दारू न मिळाल्याने हात थरथरू लागलेल्याला आधी डॉक्टर हवा, दिंडी नंतर.