हातचे छप्पन

बंदुकीशी माझा संबंध आमच्या शाखेच्या रखवालदारापुरता. त्याच्याजवळ बारा बोअरची दुनळी आहे. सकाळी तो ती मांडीवर घेऊन बसतो आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या काउंटरला टेकवून हात धुवायला जातो. त्या पाच मिनिटांत मी जेवढा सशस्त्र असतो तेवढा आयुष्यात कधी झालेलो नाही.

असं असूनही, चिनी लष्करी रायफल कोणत्या साली तयार झाली हे सांगणारा आमच्या घराण्यातला एकमेव तज्ज्ञ म्हणून आज माझं नाव घेतलं जातं. याला कारण कॅनडातला आमचा भाचा. तिकडे चीनच्या सैन्यानं काढून टाकलेल्या जुन्या रायफली रीतसर परवाना काढून विकत घेता येतात आणि लोक त्या जमवतात. आपल्याकडे कुणी टपाल तिकिटं जमवतं, कुणी तांब्याची भांडी. भाच्यानं रायफल घेतली. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या ताईनं, दोन दिवस जेवण टाकलं. तिला शांत करण्यासाठी भाच्यानं सांगितलं, "आई, मॅगझिन दहा गोळ्यांचं आहे, पण इथल्या कायद्यानं ते पाचावरच अडवून ठेवलंय." त्यावर ताई म्हणाली, "पाच कमी झाल्या का मेल्या?"

भाच्यानं मला फोटो पाठवला. खाली मजकूर : "मामा, तू रोज नोटांचे नंबर बघतोस, आता हा बघ." फोटोत तेलकट लोखंड, त्यावर एक छोटा त्रिकोण, त्रिकोणात २६, शेजारी सातापासून सुरू होणारा लांबलचक आकडा आणि ५६ लिहून पुढे एक चिनी अक्षर. बी.कॉम. झालेल्या माणसाला चिनी अक्षराची भीती वाटते, पण आकडा दिसला की तो पुढे सरसावतो. मी सरसावलो.

पहिल्याच रात्री ध्यानात आलं की चिनी रायफलीचं साल शोधणं हा शस्त्रविद्येचा विषयच नव्हे. तो निव्वळ बेरजेचा विषय आहे. कशात किती मिळवायचे हे ठाऊक हवं, बस्स. आपल्याला यात नवल वाटायला नको. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो हे आपण शाळेत शिकलो. मराठ्यांच्या जुन्या कागदांवर सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. चिन्यांचंही तसंच, फक्त राज्य बदललं की हातचा बदलतो.

सुरुवात होते हानयांगच्या रायफलीपासून. हानयांगचा शस्त्रकारखाना झांग झिदोंग नावाच्या बड्या सुभेदारानं उभारला. तिथं १८९५ पासून एका जर्मन रायफलीची नक्कल निघू लागली. जर्मनांचा नमुना १८८८ चा, म्हणून हिचं नाव 'हानयांग ८८'. म्हणजे हा ८८ जर्मनांचा, चिन्यांचा नव्हे. इथंच नवखा माणूस फसतो. मूळ जर्मनांनी पुढे दुसरी रायफल घेतली, पण चिनी मात्र जपान्यांशी लढतानाही हीच वापरत होते. आमच्या शाखेतल्या लोखंडी तिजोरीची आठवण झाली.

मग १९१२ मध्ये चीन प्रजासत्ताक झाला आणि त्यांनी वर्षं पुन्हा एकपासून मोजायला घेतली. तेव्हापासूनच्या सालात १९११ मिळवायचे. १९३५ मध्ये एका जर्मन माउझरवरून नवी रायफल घेतली, तिचं नाव 'नमुना २४'. चोवीस अधिक एकोणीसशे अकरा, बरोबर पस्तीस! पुढे हिला चँग कै-शेकचं नाव दिलं. चँगचं एक औपचारिक नाव चोंगचेंग, ते रायफलीवर कोरलेलं आढळतं. आपल्याकडे पुढाऱ्याचं नाव चौकाला देतात. तिथं ते बंदुकीला दिलं, एवढाच फरक.

याच काळात चिन्यांच्या हाती जपानी रायफलीही भरपूर पडल्या. त्यांचा हिशेब निराळा. 'नमुना ३८' म्हणजे मेइजी बादशहाच्या कारकिर्दीचं अडतिसावं वर्ष : १८६७ मिळवा, १९०५ येतं. आता तुम्ही 'नमुना ९९' मध्येही १८६७ मिळवाल आणि १९६६ काढाल. चूक! ते ९९ जपानच्या पौराणिक राजशकातल्या २५९९ चे शेवटचे दोन आकडे, म्हणजे १९३९. हे कळल्यावर मी दिवा मालवून झोपलो.

१९४९ नंतर माओच्या राज्यात सगळं रशियन वळणाचं आलं. 'नमुना ५३' ही रशियन मोसिन रायफलीची नक्कल. इथं साल इंग्रजी चार आकड्यांत सरळ ठोकलेलं असतं. एवढा सरळपणा पुढे टिकला नाही. १९५६ मध्ये त्यांनी सिमोनोव या रशियन रचनाकाराची कार्बाईन घेतली, कलाश्निकोव घेतली आणि एक मशीनगनही घेतली. तिघींचं नाव एकच : 'नमुना ५६'. एका घरात तीन मुली आणि तिघींचं नाव सुमन, असा प्रकार. भाच्याची ती सिमोनोववाली. रायफलीवरचा ५६ हे तिचं जन्मसाल नव्हे, ते आडनाव. जन्मसाल नंबरात दडलेलं.

त्रिकोणातला २६ म्हणजे सरकारी कारखाना क्रमांक २६, चोंगचिंगचा ज्यानशे कारखाना. या कारखान्याच्या नंबरातला पहिला किंवा पहिले दोन आकडे घ्यायचे आणि त्यांत ५६ मिळवायचे, हा जमवणाऱ्यांचा नियम. अकरापासून सुरू होणारा नंबर असेल तर १९६७. इतर कारखान्यांनीही ही कार्बाईन बनवली, त्यांच्या खुणा वेगळ्या; तिथं हा नियम लावला की फजिती. संगीन पाहिली तरी अंदाज येतो : आधी सुरीसारखी चपटी असायची, १९६५ च्या सुमाराला टोकदार सळईसारखी झाली. शिवाय बोल्ट, मॅगझिन आणि दस्ता, सगळीकडे तोच नंबर असेल तर भाव चढतो. आपण नाही का सही नमुन्याशी जुळवून बघत? व्हिएतनामहून अमेरिकन सैनिकांनी कागदपत्रांनिशी घरी आणलेल्या कार्बाईनींना तर फारच मान. कलाश्निकोव आणायची त्यांना परवानगी नव्हती, ही मात्र चालायची. पुढे अमेरिकेत पेट्याच्या पेट्या आल्या आणि १९९४ मध्ये तिथल्या सरकारनं चिनी बंदुकांची आयातच बंद केली.

भाच्याच्या रायफलीचा पहिला आकडा सात. छप्पन आणि सात त्रेसष्ट. संगीन चपटी. ताळा जमला! पण काही जमवणारे छप्पनऐवजी पंचावन्न मिळवतात आणि त्यावरून हमरीतुमरीवर येतात, हे त्याच रात्री कळलं. त्यांच्या हिशेबानं साल येतं बासष्ट. मी तो एका वर्षाचा फरक सस्पेन्स खात्यात टाकला. आम्ही बँकवाले न जुळणारं सगळं तिथं टाकतो आणि सुखानं जेवतो.

नोव्हेंबर उजाडला. या महिन्यात आमच्या शाखेत पेन्शनर मंडळी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला येतात. बापूकाकाही आले. वय चौऱ्याऐंशी, सातारा जिल्ह्यातलं गाव, बासष्ट साली नेफात होते. यंत्राला त्यांचा अंगठा पटेना. रेषा झिजल्या होत्या. तिसऱ्यांदा अंगठा पुसेपर्यंत करमणूक म्हणून मी त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवला.

काकांनी मोबाइल हातातनं काढून घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"त्यांची हाय ही," ते म्हणाले. "आमच्याकडं थ्री नॉट थ्री. दर गोळीला बोल्ट मागं-पुढं करायचा. थंडीनं बोटं वळायची न्हाईत. ह्यांचं नुसतं खटका दाबायचं काम, धाच्या धा." मग म्हणाले, "साल कंचं?"

मी उत्साहानं सगळं गणित मांडलं. सात अधिक छप्पन त्रेसष्ट. काहींच्या मते पंचावन्न, म्हणजे बासष्ट. "एका वर्षाचा इकडचा तिकडचा फरक, काका."

काका माझ्याकडे बघत राहिले.

"बासष्टच्या दिवाळीला आमी धा जण हुतो," ते म्हणाले. "तिरेसष्टच्या दिवाळीला चार."

तेवढ्यात यंत्रानं अंगठा मान्य केला आणि बापूकाका हयात ठरले.

त्या रात्री मी पुन्हा आकडे घेऊन बसलो. लढाई २० ऑक्टोबर १९६२ ला सुरू झाली, २१ नोव्हेंबरला चीननं ती एकतर्फी थांबवली. या एका महिन्याच्या आत की बाहेर, एवढाच प्रश्न होता आणि तो माझ्या बेरजेनं सुटत नव्हता. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, बहुतेक जण छप्पनच धरतात. पण वर्षभरानं किमतीत काही फरक पडत नाही रे."

डिसेंबरात काका पेन्शन काढायला आले. स्लिप पुढे सरकवली. खाते क्रमांकाच्या रकान्यात फक्त तीन आकडे.

"काका, हा खाते क्रमांक नाही."

त्यांनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि ओशाळून हसले. "बट नंबर हाय ह्यो. माज्या रायफलीचा. तुमी त्यो फोटू दावल्यापास्नं डोस्क्यात ह्योच फिरतोय."

खाडाखोड चालत नाही म्हणून मी दुसरी स्लिप घेतली आणि पासबुकात बघून खाते क्रमांक स्वतः लिहिला. काका कठड्यावर हात ठेवून उभे होते. नोटा मोजताना त्यांनी विचारलं, "त्या पोराच्या रायफलीचं काय ठरलं?"

"त्रेसष्ट, काका."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग बरं झालं," काका म्हणाले. त्यांनी नोटा पुन्हा एकदा मोजल्या, पिशवीत ठेवल्या आणि रखवालदाराच्या दुनळीकडे एक नजर टाकून बाहेर पडले.

व्हाउचर नसताना पास केलेली माझ्या नोकरीतली ही एकच नोंद.