स्वादुपिंड

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पोटाच्या वरच्या भागात आडवी पसरलेली ग्रंथी आहे. मराठी विश्वकोशात तिला 'अग्निपिंड' असे नाव दिले आहे. अन्नपचनासाठी लागणारा स्वादुरस आणि रक्तातील साखरेचे नियमन करणारी संप्रेरके अशी दोन्ही कार्ये ही ग्रंथी करते. म्हणून तिला मिश्र ग्रंथी म्हणतात. तिच्या शोथास (दाहास) स्वादुपिंडशोथ म्हणतात. पित्ताशयातील खडे आणि मद्यपान ही त्याची जगभरातील दोन प्रमुख कारणे आहेत. भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात पित्तखडे लहान वयातच होऊ शकतात. त्यामुळे या भागात स्वादुपिंडशोथाच्या कारणांमध्ये या विकाराचाही विचार करावा लागतो.

रचना

प्रौढ व्यक्तीत स्वादुपिंडाची लांबी सुमारे १५ सेंमी. आणि वजन ७० ते १०० ग्रॅम असते. शीर्ष, ग्रीवा, काया आणि पुच्छ असे त्याचे चार भाग मानले जातात. शीर्ष आद्यांत्राच्या (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या) वळणात बसलेले असते, तर पुच्छ डावीकडे प्लीहेपर्यंत पोहोचते. ग्रीवेच्या मागे आतड्यांकडून व प्लीहेकडून येणाऱ्या नीला एकत्र येऊन यकृताकडे रक्त नेणारी प्रवेशिका नीला तयार होते. ग्रंथीला प्लीहा रोहिणीच्या शाखांतून, तसेच आद्यांत्राला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांतून रक्तपुरवठा होतो.

स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पर्युदराच्या (पोटातील अवयवांवरील पातळ आवरणाच्या) मागे, पाठीच्या कण्याला लागून असतो. त्यामुळे त्याच्या विकारातील वेदना अनेकदा पाठीत जाणवते आणि पुढे वाकून बसल्यास काहीशी कमी होते. ग्रंथीभोवती जाड आवरण नसल्याने तिच्यातील शोथ आसपासच्या ऊतींत सहज पसरतो.

ग्रंथीच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य नलिकेचे वर्णन योहान गेओर्ग विर्सुंग यांनी १६४२ मध्ये इटलीतील पाडुआ येथे केले. ही नलिका सामान्यतः पित्तनलिकेला मिळते आणि दोन्हींचे स्राव एकाच मुखातून आद्यांत्रात उतरतात. सांतोरिनी यांच्या नावाने ओळखली जाणारी उपनलिका काही व्यक्तींत वेगळ्या मुखाने उघडते. पित्त व स्वादुरस यांची ही सामाईक वाट हेच पित्तखड्यांमुळे होणाऱ्या स्वादुपिंडशोथाचे मूळ आहे.

कार्य

ग्रंथीचा बहुतांश भाग स्वादुरस निर्माण करणाऱ्या पेशीगुच्छांचा असतो. दररोज सुमारे दीड लिटर रस स्रवतो. त्यातील बायकार्बोनेट जठरातून आलेल्या आम्लाचे उदासिनीकरण करते. अमायलेज पिष्टमय पदार्थांचे, लायपेज स्निग्ध पदार्थांचे आणि ट्रिप्सिन प्रथिनांचे पचन करते. ट्रिप्सिन ग्रंथीत ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात असते. आतड्यातील एंटेरोपेप्टिडेज या विकरामुळे ते सक्रिय होते. याच व्यवस्थेमुळे ग्रंथी स्वतःच्याच रसाने पचून जात नाही.

पेशीगुच्छांमध्ये विखुरलेल्या पेशीसमूहांचे वर्णन पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये केले. त्यांना 'लांगरहान्स द्वीपके' म्हणतात. ही द्वीपके ग्रंथीच्या वस्तुमानाच्या सुमारे १ ते २ टक्केच असतात. त्यांतील बीटा पेशी इन्शुलिन, तर अल्फा पेशी ग्लुकॅगॉन स्रवतात. इन्शुलिन वेगळे काढण्याचे कार्य फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोरांटो येथे केले.

जन्मजात विकृती

गर्भाच्या आद्य आतड्यापासून एक पृष्ठीय आणि एक अधर असे दोन अंकुर फुटतात. अधर अंकुर आद्यांत्राभोवती फिरून मागे येतो आणि साधारण सातव्या आठवड्यात पृष्ठीय अंकुराला जुळतो. बहुतेक जन्मजात विकृती या प्रक्रियेतील दोषांमुळे होतात.

विभक्त स्वादुपिंड: दोन अंकुरांच्या नलिका जुळत नाहीत आणि बहुतेक रस लहान उपनलिकेतून वाहतो. ही सर्वाधिक आढळणारी विकृती असून ती सुमारे १० टक्के लोकांत असू शकते. बहुतेकांना कोणताही त्रास होत नाही. काहींना मात्र वारंवार शोथ होतो.

वलयाकार स्वादुपिंड: ग्रंथीची ऊती आद्यांत्राला कड्यासारखी वेढते. नवजात बालकात यामुळे अन्नमार्ग अडून उलट्या होतात आणि क्ष-किरण चित्रात हवेचे दोन फुगे दिसतात. डाउन संलक्षणाशी तिचा संबंध आढळतो. उपचार शस्त्रक्रियेने होतो; त्यात वलय न कापता अडथळ्याला वळसा देणारा मार्ग तयार केला जातो.

अस्थानी स्वादुपिंड: जठर, आद्यांत्र किंवा लहान आतड्याच्या भित्तीत स्वादुपिंडाच्या ऊतीचा तुकडा आढळतो. तो बहुधा अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत योगायोगाने दिसतो.

अभाव व अपूर्ण वाढ: संपूर्ण अभाव अत्यंत दुर्मीळ असून त्यात जन्मतःच इन्शुलिन व पाचक विकरांची उणीव असते. केवळ पृष्ठीय भाग नसलेल्या व्यक्ती प्रौढ वयापर्यंत लक्षणांविना राहू शकतात.

नलिकांचा दोषपूर्ण संगम: पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका आद्यांत्राच्या भित्तीबाहेरच जुळतात. पित्तनलिकेच्या जन्मजात फुगवट्याशी या दोषाचा निकटचा संबंध आहे.

तीव्र स्वादुपिंडशोथ

एखादा खडा सामाईक मुखापाशी अडकल्याने शोथ होतो, हे यूजीन ओपी यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. मद्य, रक्तातील ट्रायग्लिसराइडचे फार वाढलेले प्रमाण (सामान्यतः प्रति डेसिलिटर १,००० मिग्रॅ.पेक्षा अधिक), पोटावरील आघात, गालगुंड, काही औषधे, नलिकेत शिरलेले जंत आणि सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांची विषबाधा ही अन्य कारणे आहेत. कारण कोणतेही असो, विकरे ग्रंथीतच सक्रिय होऊन ग्रंथी स्वतःचेच पचन करू लागते.

नाभीच्या वरच्या भागात अचानक सुरू होणारी, तासन्‌तास टिकणारी आणि पाठीकडे जाणारी तीव्र वेदना हे मुख्य लक्षण आहे. सोबत उलट्या होतात. आम्लपित्त किंवा वायू समजून या वेदनेकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. वैशिष्ट्यपूर्ण वेदना, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट असणे आणि प्रतिमाचित्रणातील बदल यांपैकी दोन बाबी आढळल्यास निदान निश्चित होते. अमायलेज काही दिवसांत पूर्ववत होत असल्याने उशिरा आलेल्या रुग्णात लायपेज अधिक उपयुक्त ठरते.

बहुतेक रुग्णांत ग्रंथीला केवळ सूज येते आणि ते सुमारे आठवडाभरात बरे होतात. काहींत मात्र ऊतिनाश होतो. मूत्रपिंड, फुप्फुसे किंवा रक्ताभिसरण निकामी होऊन ४८ तासांहून अधिक काळ तसेच राहिल्यास २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार आजार गंभीर मानला जातो. शिरेवाटे द्रव देणे, वेदनाशमन आणि शक्य तितक्या लवकर तोंडावाटे आहार सुरू करणे हा उपचाराचा पाया आहे. संसर्ग नसताना प्रतिजैविके नियमितपणे दिली जात नाहीत. पित्तखड्यांमुळे झालेल्या सौम्य आजारात पित्ताशय त्याच मुक्कामात काढल्यास शोथाची पुनरावृत्ती टळते. संसर्ग झालेल्या मृत ऊतीवरील हस्तक्षेप शक्य असल्यास सुमारे चार आठवडे लांबवला जातो.

दीर्घकालीन स्वादुपिंडशोथ

शोथ दीर्घकाळ चालल्यास ग्रंथीत तंतुमय ऊती वाढतात आणि नलिकेत कॅल्शियमचे खडे होतात. वारंवार पोटदुखी, तेलकट मळ, वजन घटणे आणि मधुमेह ही त्याची लक्षणे आहेत. मद्य व तंबाखू ही प्रमुख कारणे असून तंबाखू हा स्वतंत्र धोकाघटक आहे. १९९६ मध्ये आनुवंशिक स्वादुपिंडशोथाशी निगडित ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातील दोष उघडकीस आला. मद्यपान न करणाऱ्या तरुणांत होणाऱ्या 'उष्णकटिबंधीय' प्रकाराचे वर्णन झुइडेमा यांनी १९५९ मध्ये इंडोनेशियातून केले; भारतात केरळमध्ये पी. जे. गीवर्गीस यांनी त्याचा विस्तृत अभ्यास केला. उपचारात मद्य व तंबाखू पूर्ण बंद करणे, जेवणासोबत विकरांच्या गोळ्या, इन्शुलिन आणि आवश्यकतेनुसार नलिकेतील खडे काढणे यांचा समावेश होतो.

भंडारा जिल्ह्यातील संदर्भ

मध्य भारतातील सिकलसेल रक्तदोषाची नोंद शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात केली. या विकारात लाल पेशी सतत फुटत राहिल्याने पित्तात रंगद्रव्य वाढते आणि त्याचे खडे बनतात. असा खडा सामाईक मुखात अडकल्यास बालकांना व तरुणांनाही स्वादुपिंडशोथ होऊ शकतो. सिकलसेलच्या वेदनाझटक्यातही पोट तीव्रतेने दुखते. त्यामुळे ही दुखणी एकमेकांपासून ओळखण्यासाठी लायपेज आणि पोटाची सोनोग्राफी या तपासण्या महत्त्वाच्या ठरतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले.

जिल्ह्यात मोहफुलांपासून दारू गाळण्याची जुनी प्रथा आहे. तिच्यामुळे होणारा अपाय फुलांमुळे नव्हे, तर त्यातील अल्कोहोलमुळे होतो आणि तो प्रमाण व कालावधीनुसार वाढतो. भात हे मुख्य पीक असल्याने फवारणीच्या काळातील विषबाधेत पोटदुखी असल्यास स्वादुपिंडाची तपासणीही करावी लागते.

भंडारा येथे जिल्हा सामान्य रुग्णालय, तर तुमसर आणि साकोली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. भंडाऱ्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. दुर्बिणीद्वारे नलिकेतील खडा काढणे किंवा दीर्घ अतिदक्षता उपचार यांसाठी रुग्णांना सुमारे ६० किमी. अंतरावरील नागपूरला पाठवले जाते. शिरेवाटे द्रव व वेदनाशमन हे पहिल्या तासांतील उपचार मात्र तालुक्याच्या ठिकाणीही सुरू करता येतात. त्यामुळे निदान लवकर होणे हे आजाराच्या परिणामाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.