तुरीच्या पानातून डीएनए वेगळा कसा करतात?

कर्नाटकातील बिदर जिल्ह्याचा कमलनगर तालुका महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. बिदर आणि शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात तूर हे खरिपाचे महत्त्वाचे पीक. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र जमिनीतील फ्युजेरियम बुरशीमुळे होणारा मर रोग या पिकाची पाठ सोडत नाही. एकदा झाड वाळू लागले की ते वाचवणे कठीण असते. म्हणून रोगप्रतिकारक वाणावरच शेतकऱ्याची भिस्त असते. असे वाण जनुकीय खुणांवरून रोपावस्थेतच निवडता येतात. त्यासाठी आधी पानातून शुद्ध डीएनए मिळवावा लागतो.

पेशी फोडणे

वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची कणखर भिंत असते. म्हणून कोवळी पाने उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटतात. या थंडीत डीएनए तोडणारी विकरेही निष्क्रिय राहतात. ही पूड सीटॅब नावाचा डिटर्जंट, मीठ व ईडीटीए यांच्या सुमारे ६५ अंशांच्या द्रावणात मिसळतात. पेशीपटल व केंद्रकपटल स्निग्ध पदार्थांचे असल्याने, साबणाने तेलकट भांडे निघावे तसे ते डिटर्जंटमुळे विरघळते. विकरांना लागणारे मॅग्नेशियम ईडीटीए पकडून ठेवतो. त्यामुळे पाने वितळल्यानंतरही डीएनए सुरक्षित राहतो.

अशुद्धी दूर करणे

चिरलेले वांगे काळे पडते, ते त्यातील पॉलिफिनॉल हवेशी संयोग पावल्यामुळे. तुरीच्या पानातही ही द्रव्ये असतात. ती डीएनएला चिकटली तर द्रावण तपकिरी होते आणि पुढील चाचणी फसते. म्हणून पॉलिफिनॉलना बांधून ठेवणारा पीव्हीपी हा पदार्थ घालतात. नंतर क्लोरोफॉर्म मिसळून मिश्रण वेगाने फिरवले की प्रथिने मधल्या थरात अडकतात आणि डीएनए वरच्या पाण्यात राहतो.

तंतू दिसणे

डीएनएच्या फॉस्फेट गटांवर ऋणभार असल्याने तो पाण्यात विरघळतो. मिठातील सोडियमचे धनभारित आयन हा भार झाकतात. त्यात थंड अल्कोहोल घातले की पाण्याची डीएनएला विरघळवून ठेवण्याची क्षमता घटते आणि पांढरे तंतू गोळा होतात. ७० टक्के अल्कोहोलने धुतल्यावर त्यांतील क्षार निघून जातात. २६० व २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशशोषणाचे गुणोत्तर सुमारे १.८ आले, तर नमुन्यात प्रथिनांची भेसळ फारशी उरली नाही असे मानतात.

स्वित्झर्लंडच्या फ्रिडरिक मिशर यांनी १८६९ मध्ये जखमेच्या पट्ट्यांवरील पुवातून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या नेतृत्वाखाली मर रोगाला दाद न देणाऱ्या ‘आशा’ या तूर वाणाच्या जनुकसंचाचा आराखडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४८,६८० जनुकांचा अंदाज वर्तवला गेला. त्या वाचनाची सुरुवातही पानातून डीएनए वेगळा करण्यानेच झाली होती. पहिल्या पायरीवर नमुना अशुद्ध राहिला, तर पुढचे कोणतेही यंत्र ती उणीव भरून काढू शकत नाही.