अप्रीतीचा गुन्हा

शेगावला आमच्या घरी ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचं पारायण चालायचं. लोकमान्य टिळकांची अकोल्याची शिवजयंतीची सभा आणि पुढं त्यांना झालेली शिक्षा हा भाग आला, की मी आजीला विचारायचो, ‘‘त्यांनी केलं काय होतं?’’ आजी म्हणायची, ‘‘सरकारले पटलं नाही असं लेहेलं त्यायनं.’’ पुढं कायद्याची पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, की आजीचं फारसं चुकलं नव्हतं.

राजद्रोहाचं कलम १२४-अ दंडविधानात आलं ते १८७० साली. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणं हा गुन्हा ठरला. पण अप्रीती म्हणजे नेमकं काय? १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांवर मुंबई हायकोर्टात खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. ती कमी की जास्त, हे पाहायचं कारण नाही! आता परक्या सरकारवर प्रीती करणारा माणूस वऱ्हाडात दिवा घेऊनच शोधावा लागला असता. ज्यूरीतल्या नऊपैकी सहा जणांनी टिळकांना दोषी ठरवलं, तिघांनी निर्दोष. शिक्षा १८ महिन्यांची. पुढच्याच वर्षी कलम सुधारलं, तेव्हा शब्द आवळायचे सोडून ‘द्वेष’ आणि ‘तुच्छता’ हे आणखी दोन सैल शब्द त्यात घातले. त्याच कलमाखाली १९०८ साली टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले.

याउलट जंगल कायदा बघा. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत विनापरवाना कापलं. कायदा जाचक होता, शेतकऱ्याच्या गुराढोरांच्या तोंडचा चारा काढणारा होता. पण कुठं विळा लावला की गुन्हा होतो, हे गुराख्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर तो ठरवून, दिवस सांगून मोडता आला. अप्रीतीचा कायदा असा कुठं मोडणार?

ही जुनी गोष्ट नव्हे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. ‘त्रास’, ‘गैरसोय’ या शब्दांची हद्द कुणालाच सांगता येत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १५२ मध्ये ‘अप्रीती’ नाही. मात्र फुटीर कारवायांच्या ‘भावनां’ना उत्तेजन देण्याचा उल्लेख आहे. आजी असती तर तिनं विचारलं असतं, ‘‘भावना कोन्या मापानं मोजतेत, बापू?’’