ठासणीच्या बंदुकीचा जीर्णोद्धार



जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करितां येतो, जुन्या पोथीचा करितां येतो. तसा जुन्या बंदुकीचाहि करितां येतो. मात्र देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे तेथें पुन्हां घंटा वाजूं लागते, आणि बंदुकीचा झाला म्हणजे तिच्या तोंडून पुन्हां आग निघूं लागते. या फरकामुळें हा विषय एकट्या कारागिराचा राहत नाहीं. तो इतिहासाचा, कायद्याचा आणि थोडासा नीतीचाहि होतो. आज मी मुख्यतः ज्या बंदुकीविषयीं बोलणार आहें ती १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड. हिचें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं शाळेंतच ऐकलेलें आहे.

जिची दारू व गोळी नळीच्या तोंडांतून घालून गजानें ठासावी लागते ती ठासणीची बंदूक. दारूला आग पोंचविण्याच्या तऱ्हा मात्र काळाप्रमाणें बदलत गेल्या. प्रथम तोडा, म्हणजे सोऱ्यांत भिजवून वाळविलेली, धुमसत राहणारी दोरी. मग चकमक, गारेचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पडे आणि कानाजवळची रंजक पेटे. तिसरी तऱ्हा टोपीची. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फोर्साइथ नांवाच्या एका पाद्र्यास पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा भडका पाहून पक्षी छर्रे पोंचण्यापूर्वींच उडून जात. म्हणून आघातानें पेटणाऱ्या द्रव्याची युक्ति त्यानें योजिली व १८०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें त्याच मार्गानें तांब्याची टोपी निघाली. १८३४ सालीं वुलिच येथें दोन्हीं तऱ्हांची परीक्षा झाली, तेव्हां ६,००० बारांत चकमकीच्या बंदुका ९२२ वेळां फुसक्या गेल्या आणि टोपीच्या अवघ्या ३६ वेळां. चकमकीचे दिवस तेथेंच भरले.

एन्फील्ड ही टोपीची बंदूक. नळी ३९ इंच लांब, तिच्या पोकळीचा व्यास ०.५७७ इंच, आणि आंत मळसूत्राप्रमाणें वळत गेलेल्या तीन खांचा. बार होतांच गोळी फुगून या खांचांत घट्ट बसे व स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडे. त्यामुळें ती सरळ जाई आणि लांब जाई. तिचें कागदी काडतूस दांतांनीं फोडून दारू नळींत ओतावी लागे. त्या काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ सालीं काय पेटलें, तें आपणांस ठाऊकच आहे.

आतां अशी एखादी बंदूक जुन्या वाड्याच्या माळ्यावर गंजलेल्या स्थितींत सांपडली अशी कल्पना करा. जाणता कारागीर सर्वांत आधीं ती भरलेली नाहीं ना, हें पाहतो. कारण बंदूक भरून ठेवलेली राहून गेली असेल आणि काळी दारू आंत कोरडी असेल, तर ती शंभर-दीडशें वर्षांनींहि पेट घेते. एक लांकडी काठी नळींत सोडून तोंडापाशीं खूण करावयाची. मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहावयाची. काठी बुडापर्यंत गेली असेल तर नळी रिकामी. चार बोटें अलीकडेच अडली असेल तर आंत दारूगोळी आहे असें समजून चालावें. उपचार दोन मिनिटांचा, पण त्यावांचून पुढचें पाऊल टाकूं नये.

मग तेलाचें आणि धीराचें काम. गंजलेले मळसूत्री खिळे जबरदस्तीनें फिरविले तर त्यांच्या डोक्यांची खांच तुटते. म्हणून त्यांवर पातळ तेल सोडून दिवसचे दिवस वाट पाहावी लागते. घोड्याची कमान तपासावी लागते. घोडा अर्धा चढविला असतां ज्या खांचेंत अडकून राहतो ती झिजलेली असेल, तर बंदूक नुसत्या धक्क्यानें सुटेल. असली बंदूक शत्रूपेक्षां धन्यालाच अधिक धोक्याची. बुडाचा मळसूत्री बूच आणि टोपी बसविण्याचें बोंड यांचे आटे गंजानें खाल्ले असतील, तर बाराचा जोर मागें, म्हणजे बार काढणाराच्या तोंडाकडे येतो. गंज बहुधा बुडाशींच सर्वांत जास्त असतो. कारण काळ्या दारूची जी राख मागें राहते ती हवेंतला ओलावा ओढून घेते. शिपाई बार झाल्यावर नळी पाण्यानें धूत व मग तेल लावीत तें याकरितांच. ज्यानें एखादे संध्याकाळीं आळस केला, त्याच्या आळसाची खूण खड्ड्यांच्या रूपानें आजहि नळींत वाचावयास मिळते.

दस्त्याच्या बाबतींत उतावीळ मनुष्य फार नुकसान करतो. अक्रोडाच्या त्या लांकडावर सरकारी छाप, पलटणीचे आंकडे, तपासनिसाच्या खुणा असतात. पॉलिश कागदानें घांसून दस्ता नवा केला कीं सगळें दफ्तर पुसलें गेलें. फडक्यानें मळ काढावा, जवसाचें तेल थोडें चोळावें, आणि तेथें थांबावें.

इतकें झाल्यावर नळींत उजेड सोडून पाहिलें, आणि आंत खांचा दिसल्याच नाहींत! कारागीर म्हणेल, वापरून झिजल्या. सांगाल तर नव्या पाडून देतों. येथें इतिहासानें त्याचा हात धरला पाहिजे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हातीं खांचांची बंदूक द्यावयाची नाहीं, असें इंग्रज सरकारचें धोरण ठरलें. १८५८ च्या नमुन्यांत एन्फील्डच्याच नळ्या आंतून कोरून गुळगुळीत करण्यांत आल्या. पोकळीचा व्यास सुमारें ०.६५ इंचांवर गेला. त्यामुळें नळीची भिंत पातळ झाली, ती सहज पोंचे व फुगे. म्हणून १८५९ च्या नमुन्यांत जाड नळी आली. लांबचा नेम धरण्याकरितां वरखालीं होणारी जी पट्टी होती ती काढून तिच्या जागीं साधी, न हलणारी पट्टी बसविली. दिसावयास एन्फील्ड, पण पल्ला जुन्या गुळगुळीत बंदुकीचा. गोऱ्या शिपायाच्या खांद्यावर खांचांची, हिंदी शिपायाच्या खांद्यावर कोरलेली! तोफखानाहि बहुतेक सगळा युरोपियनांच्या हातीं गेला तो याच सुमारास. शाळेच्या पुस्तकांत १८५७ चें काडतूस येतें. त्यानंतर आलेली ही नळी येत नाहीं. राज्यकर्त्यांचा अविश्वास डोळ्यांनीं पाहावयाचा असेल, बोटानें चांचपावयाचा असेल, तर तो येथें आहे. त्यावर नव्या खांचा पाडणें म्हणजे अस्सल दस्तऐवजावर शाई ओतणें होय.

असाच घोटाळा चकमकीच्या बंदुकांचा होतो. १८४० च्या सुमारास व पुढें पुष्कळ चकमकीच्या बंदुका टोपीच्या करून घेण्यांत आल्या. आज जुन्या वस्तूंच्या बाजारांत चकमकीला मोल अधिक. म्हणून टोपीचें बोंड काढून पुन्हां चकमक बसविण्याचे प्रकार होतात. मग तिचें खरें रूप कोणतें म्हणावें? जन्माचें कीं म्हातारपणाचें? माझें उत्तर असें कीं, जो बदल वापरणारांनीं आपल्या गरजेनें केला तो तिच्या चरित्राचा भाग. जो आपण मोलाकरितां करूं तो नव्हे.

समजा, नळी निर्दोष निघाली. तरी ती लगेच खांद्याला लावावयाची नसते. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. अशा ठिकाणीं नेहमींपेक्षां पुष्कळ जास्त दारू भरून, माणसानें दूर राहून, बार काढतात. नळी टिकली तरच तिच्यावर छाप बसतो. पण दीडशें वर्षांपूर्वींचा छाप हा त्या दिवसाचा दाखला. मधल्या गंजाविषयीं तो मुका असतो. म्हणून परीक्षा पुन्हां व्हावी लागते. आणि दारू काळीच पाहिजे: सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०. आजची बिनधुराची दारू असल्या नळींत घातली तर तिचा दाब नळीला सोसत नाहीं. नळी फुटते आणि हात जातो.

मग हा खटाटोप करावयाचा कशाला? याचें चांगलें उत्तर ऑस्ट्रियांतील ग्राट्स शहरानें दिलें आहे. तेथील सतराव्या शतकांतल्या शस्त्रागारांत तीस हजारांहून अधिक जुनीं शस्त्रें व चिलखतें जतन केलेलीं आहेत. १९८८-८९ सालीं त्यांतील कांहीं अस्सल बंदुका व पिस्तुलें घट्ट चौकटींत बसवून, विजेच्या साहाय्यानें पेटवून, त्यांचे बार मोजण्यांत आले. गोळी तोंडांतून निघतांना तिचा वेग सेकंदास सरासरी ४५० मीटरांच्या आसपास भरला. म्हणजे जोर कांहीं थोडा नव्हता. पण नेमाच्या बाबतींत, गुळगुळीत नळीच्या बंदुकांच्या गोळ्यांपैकीं १०० मीटरांवरच्या मनुष्याएवढ्या लक्ष्यावर साधारणपणें निम्म्याच बसल्या. तेथें थरथरणारा हात नव्हता, भ्यालेला शिपाई नव्हता. दोष नळीचा आणि सैल बसणाऱ्या वाटोळ्या गोळीचा होता. जुन्या पलटणी खांद्याला खांदा लावून एकदम कां बार काढीत, याचा उलगडा अशा प्रयोगानें होतो. तो प्रयोग बंदूक बोलती केल्यावांचून झाला नसता.

आपल्या देशांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें इंग्रजांनीं बंदुकीवर परवान्याची बेडी घातली. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या घडणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, परंतु केव्हां? तें दुरुस्त करूनहि बंदूक म्हणून चालणार नसेल तेव्हां. म्हणजे भिंतीवरची जी बंदूक दुरुस्तीनें चालूं शकेल ती आजहि कायद्याच्या दृष्टीनें बंदूकच आहे. कोंकणांत रानडुकरांपासून पीक राखण्याकरितां ज्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांना हें सांगावयास नको. पूर्वजांची आठवण म्हणून ती बाळगणारांना मात्र सांगितलें पाहिजे. परवान्यावांचून तिची दुरुस्ती करवूं नये, आणि कायद्याच्या भीतीनें ती विहिरींतहि टाकूं नये. रीतसर कळवावें, आणि घरीं ठेवतां येत नसेल तर संग्रहालयाचा मार्ग शोधावा.

तात्पर्य इतकेंच. जिला बोलतें केल्यानें कांहीं नवें कळेल, आणि जिचें शरीर तें सोसेल, अशी बंदूक जाणत्याच्या हातून, परवान्यानें आणि परीक्षेनंतर बोलती करावी. नुसती हौस असेल तर इटलींतल्या कारखान्यांतून होणाऱ्या तिच्या हुबेहूब प्रतिकृति आहेत. हौसेचे बार त्यांतून काढतां येतात. बाकीच्यांचा गंज थांबवावा, धूळ झाडावी, आणि त्यांच्या अंगावरची एकहि खूण पुसूं नये. ती गुळगुळीत कोरलेली नळी बार न काढतांहि आपली हकीकत पुरी सांगते. ऐकणारानें मात्र आंत उजेड सोडून पाहिलें पाहिजे.